दोन रेघांतलं खोड

कुणाशीही बोलायचं झालं की क्रॉपअण्णा आधी एक पाऊल मागे सरकायचे. लग्नाच्या मांडवात, बँकेत, अगदी आमच्या उंबऱ्यावरसुद्धा. समोरचा बोलण्याच्या भरात पुढे आला की हे आणखी मागे. माझ्या सासूबाईंनी एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलंच, "त्या गृहस्थांना माझ्या तोंडाचा वास येतोय काय गं?" मी हसून हसून बेजार झाले. अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तसं न्हाय गं बाय. माणूस सबंद बगायचा असंल तर जरा मागं सरायला लागतंय. नाकाला नाक लावलं की नुस्तं नाकच दिसतंय."

अण्णा सर्व्हे खात्यात मोजणीदार होते. मूळ गाव निपाणी. आजोबा दुसऱ्याच्या मळ्यात तंबाखू खुडायला जात, आईने जन्मभर विड्या वळल्या, आणि अण्णा शिकून बेळगाव तालुक्यातल्या लोकांचे बांध मोजू लागले. भावाभावांत डोकी फुटायच्या बेताला आलेल्या शेतात हा माणूस शांतपणे झेंडा रोवून उभा राहायचा. "बांध वीतभर सरकला की भाऊ भावाचा ऱ्हात न्हाय," हे त्यांचं लाडकं वाक्य. आमच्या सांबऱ्याच्या शेताची मोजणी त्यांनीच केलेली. ओळख तिथलीच.

त्याच मोजणीच्या दिवशी आमच्या थोरल्या आप्पांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, घोळ घातला. चहाच्या वेळी अण्णा नेहमीसारखे मागे सरकले, तर आप्पा मोठ्या मनाने म्हणाले, "या की हो जवळ! आता काय तसलं ऱ्हायलं न्हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आवाज न चढवता बोलले. "आमच्या आज्ज्याला लोकांनी लांब हुभं केलतं, आप्पा. मी माज्या मर्जीनं लांब हुभा ऱ्हातो. ह्यात लई फरक हाय." मग कप उचलून उरलेला चहा प्यायले, आणि आप्पांच्याच खांद्यावर हात ठेवून बांधाकडे निघाले. आप्पा त्या दिवसापासून त्यांच्यापुढे जपून बोलायला लागले.

क्रॉपअण्णा हे नाव आमच्या रविवारच्या टोळक्याने पाडलेलं. आम्ही चारपाच कॅमेरेवाले पहाटे बेळगावातून निघायचो, जांबोटीला चहा घ्यायचो आणि कणकुंबीच्या रानात दुपारपर्यंत पाखरांच्या मागे फिरायचो. टोळक्यातले डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, गडगंज. त्यांच्याकडे फुलफ्रेम कॅमेरा आणि दुधाच्या कॅनएवढी लेन्स. अण्णांकडे लहान सेन्सरचा, म्हणजे क्रॉपवाला जुना कॅमेरा. दोघांचं भांडण गाडीत बसल्यापासून सुरू. डॉक्टर म्हणायचे, "अण्णा, मोठा सेन्सर घ्या. अंधाऱ्या रानात फोटोला दाणे पडत नाहीत, रंग कसे मलईसारखे येतात." अण्णा म्हणायचे, "मलई तुमी खावा. मला लांब हुभं ऱ्हायचंय."

मी कॅमेरा घ्यायला निघाले तेव्हा दोघांनी माझ्या डोक्यावर मिरे वाटले. शेवटी अण्णांनी मला घराच्या खिडकीपाशी उभं केलं. एक झडप लावून घेतली. "बग. बाहेरचं झाड हाय तेवडंच हाय. खिडकी लहान झाली म्हणून आजूबाजूचं कापलं गेलं, आन् झाड खिडकीभर दिसाय लागलं. लहान सेन्सर म्हंजे हेच. पाखरू मोटं होत न्हाय, पन त्याच लेन्सवर तेवडंच चौकटभर पाखरू तुला लांबनं मिळतंय. मोटी खिडकी घेतलीस तर उजेड लई, पन चौकट भराय पुढं जावं लागतंय. नायतर डॉक्टरसारखी तोफ घ्यावी लागती." एवढी सोपी गोष्ट मला दुकानदाराने तासभर इंग्रजीत सांगितली होती आणि ओ की ठो कळलं नव्हतं. मी अण्णांचाच कॅमेरा आणि अण्णांचीच लेन्स घेतली. दोघांत फरक फक्त पट्ट्याच्या रंगाचा.

आता धनेशाच्या घरट्याचं सांगायला हवं, कारण अण्णांचा सगळा जीव त्यात होता. धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर फळं आणणार आणि त्या फटीतून भरवणार. नर आला नाही, तर आतल्यांनी करायचं काय? "बाळंतिणीची खोली हाय ती," अण्णा दरडावून सांगायचे. म्हणून घरट्यापासून किती लांब थांबायचं याचा त्यांनी नियम केला होता. कॅमेऱ्यातून बघितलं की चौकटीचे तीन भाग करणाऱ्या दोन उभ्या रेघा दिसतात. डोळा कॅमेऱ्याला लावून सावकाश पुढे जायचं. घरट्याचं खोड त्या दोन रेघांत बरोबर बसलं की थांबायचं, तिथे पायाने पालापाचोळा सारून दगडांची ओळ मांडायची. ओळीच्या पुढे कुणी जायचं नाही.

कुणाची चप्पल ओळीच्या पुढे गेली की अण्णा एका दमात मराठी, कानडी आणि हिंदीत ओरडायचे, "मागं सरा! हिंद सर्री! पीछे हटो!" डॉक्टर म्हणायचे, "एवढ्या लांबून फोटो काय काढायचा, पोस्टकार्ड पाठवतो धनेशाला." त्यावर अण्णा म्हणाले होते, "आमच्या मुलखात सीमेचा वाद कधीच मिटला न्हाय. ही एक सीमा तरी सगळ्यांनी पाळा की रं." आम्ही हसलो आणि पाळली. तो मुलूखच तसा आहे, माणसं वाद घालतात आणि मोजणीदाराचं ऐकतात.

अण्णांच्या आईचीही एक गोष्ट ते नेहमी सांगत. विडीचं पान कापायला तिच्याकडे पत्र्याचा एक तुकडा होता. तो पानावर ठेवायचा आणि कात्री फिरवायची. पुढेपुढे ती पत्र्याकडे न बघता कापायची, इतका हात बसलेला. एकदा कारखानदाराने विडीचं माप बदललं, नवा पत्रा दिला. आईने पहिल्या दिवशी सवय बाजूला ठेवली आणि नव्या पत्र्याकडे बघत एकेक पान कापलं. "हाताला कळंपत्तोर हातावर इस्वास ठेवू नये, म्हणायची," अण्णा सांगायचे. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की ते सुरू झाले की मी शेवट पुरा करायचे.

अण्णा रिटायर झाले त्या जानेवारीत त्यांची मुलगी सुजाता बेंगळुरूहून आली आणि तिने बापापुढे खोकं ठेवलं. फुलफ्रेम कॅमेरा! डॉक्टर तर आनंदाने नाचायचे बाकी राहिले. "शेवटी गडी आमच्या पार्टीत आला!" अण्णांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. रानातल्या कमी उजेडात त्यांना काही दिसेनासं झालं होतं, आणि ते त्यांनी फक्त लेकीला सांगितलं होतं. नव्या कॅमेऱ्यातून त्यांनी अंगणातल्या सावलीतली चिमणी बघितली आणि पोरासारखे ओरडले, "आगं सुजा, पिसं दिसाय लागली की गं!" मला म्हणाले, "पोरीनं जीव लावून आनलंय. आता आमचं तत्त्वज्ञान बसू दे गप." लेन्स जुनीच ठेवली. ती नव्याला चालत होती.

त्याच सुमाराला जुनं घरट्याचं झाड वाऱ्याने मोडलेलं आढळलं, आणि कणकुंबीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या मालकीच्या रानात दुसरी ढोली दाखवली. ताजी लिंपलेली, फटीतून पिवळी चोच डोकावणारी. नवं झाड म्हणजे नवी ओळ. अण्णांनी नवा कॅमेरा डोळ्याला लावला, सावकाश पुढे गेले, थांबले, दगड मांडले. डॉक्टर म्हणाले, "अण्णा, रिटायर झाल्यावर तुमचा बांध जरा सैल झाला वाटतं." अण्णा म्हणाले, "तुमचा डोळा सैल झालाय." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी माझा कॅमेरा दुरुस्तीला टाकलेला होता, मी नुसतीच दुर्बीण घेऊन गेले होते.

पुढे मी शिकवते त्या शाळेतली परीक्षा आणि मग एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पेपर तपासणीत मी अडकले. टोळक्याच्या ग्रुपवर आधी फोटो यायचे. नर चोचीत उंबर घेऊन, नर फटीपाशी वाकून. फोटो खरंच सुंदर होते, मलईसारखे. मग नुसते निरोप यायला लागले. आज नर शेजारच्या झाडावर बसून राहिला. आज आला आणि वरूनच गेला. आज आलाच नाही. एका सकाळी अण्णांचा फोन आला. "रानात काय बिघडलंय कळंना झालंय गं. फळं मुबलक हाईत. शिकारी न्हाईत. मग ह्यो भाद्दर येत का न्हाय?" त्यांचा आवाज ऐकून माझ्या जिवाला घोर लागला. तपासणी संपली त्या रविवारी मी गेले.

ओळीपाशी सगळे ढोलीकडे बघत उभे होते. अण्णा खाली दगडावर बसलेले, दाढी वाढलेली. मी सवयीने कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, आणि खोड बघितलं. ते दोन रेघांत मावत नव्हतं. दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं. मला वाटलं लेन्सचं काही चुकलं, पुसून परत बघितलं. आणि मी काही विचार न करता बोलून गेले, "अण्णा, खोड रेघांच्या भाईर येतंय की."

अण्णांनी मान वर केली. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मांडीवरच्या. पंधरा वर्षं ज्या गोष्टीवर ते डॉक्टरांशी भांडले, तीच. मोठ्या चौकटीत तेच खोड दोन रेघांत बसवायला माणसाला बरंच पुढे जावं लागतं. ते गेले होते. हावरेपणाने नाही, नियम पाळायला म्हणून. आणि आम्ही सगळेच त्या ओळीवर डोळे झाकून उभे राहिलो होतो, कारण ओळ अण्णांनी आखली होती.

"मागं सरा," ते म्हणाले. एकाच भाषेत, आणि इतकं हळू, की डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणालात?" मग ते स्वतःच उठून मागे मागे चालत गेले. पायात वेल अडकून पडले, तरी ढोलीकडे तोंड ठेवूनच उठले. डॉक्टरांनी हात दिला तो त्यांनी घेतला नाही.

नंतरचे दिवस ते शेतकऱ्याच्या गोठ्यात मुक्कामाला राहिले, कॅमेरा न घेता. फार लांबून बघत बसायचे. नर परतला नाही. एके दिवशी ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर पडून गेली असावी. आत अंडं होतं की पिल्लू, हे बघायला शेतकरी शिडी आणतो म्हणाला, तर अण्णांनी हात जोडले. "आता तरी नगो. आता तरी तिच्या दाराशी कुणी जाऊ नगा." मी त्यांना आणायला गेले होते. परतताना गाडीत जांबोटीपर्यंत ते खिडकीबाहेरचं रान बघत राहिले. मग म्हणाले, "माज्या आईनं नवा पत्रा आला तर एकेक पान बघून कापलं. आन् मी खिडकी बदलली तरी त्याच हातानं मापत ऱ्हायलो." मी म्हटलं, "अण्णा, चूक कुणाकडूनही होती." ते म्हणाले, "लोकांच्या बांधात अशी चूक केली असती तर लोकांनी मला जिता सोडला नसता. तिला तर वरडाय बी येत न्हाय गं." मला रडू आवरेना. मी गाडी बाजूला घेतली.

एक गोष्ट त्यांनी सगळ्यांकडून वदवून घेतली. सुजाताला यातलं काही सांगायचं नाही. "तिला वाटंल तिनं आनलेल्या कॅमेऱ्यानं झालं. कॅमेऱ्याचा दोष न्हाय, लई गुणी कॅमेरा हाय." तो गुणी कॅमेरा मग कपाटात गेला. लेकीला म्हणायचे, डोळ्याचं ऑपरेशन झालं की काढतो. पण ऑपरेशन लांबत गेलं, कारण पावसाळ्यातच त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. बोलताना धाप लागायची. आणि माणसं पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायची, तेव्हा त्यांना मागे सरकता यायचं नाही. त्याचंच मला फार वाईट वाटायचं.

पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याचा फोन आला. त्याच ढोलीत पुन्हा लिंपण. तीच मादी की दुसरी, देव जाणे. मी एकटीच गेले. रेघांत खोड बसेपर्यंत चालले, थांबले, आणि तिथून झाडापर्यंत होतं तेवढंच अंतर आणखी मागे गेले. फोटो तिथून साध्या फोननेच काढला आणि थेट अण्णांच्या घरी.

अण्णा उशांना टेकून बसले होते. सुजाता नोकरी घरूनच करायची परवानगी घेऊन आली होती, ती शेजारी. मी फोन तिच्या हातात दिला. फोटोत सगळं हिरवं रान, मध्ये काडीएवढं झाड, आणि झाडापाशी एक काळापांढरा ठिपका.

"किती लांबनं काडलाईस?" अण्णांनी पहिलं तेच विचारलं.

"तुमच्या ओळीच्या दुप्पट लांबनं."

"लई बारीक आलंय की गं हे," सुजाता म्हणाली, आणि मोठं करायला तिने दोन बोटं काचेवर ठेवली. "थांबा पप्पा, जवळ घेऊन दाखवते."

अण्णांनी झटकन तिची बोटं धरली. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे सुजा," ते म्हणाले. "जवळ नगो. हितनंच बगूया."

तिला काही कळलं नाही. पण तिने बोटं उचलली, आणि हात लांब करून फोन समोर धरला. आम्ही तिघं बराच वेळ तो ठिपका बघत बसलो.