हलवाई मशिदीचा फिरता खांब

उस्कुदारच्या चढावरची हलवाई मशीद एवढीशी आहे. एक घुमट, एक बुटका मिनार आणि बाहेरच्या भिंतीत चिमण्यांसाठी दगडात कोरलेलं दुमजली घर. सुलतानाच्या मुदपाकखान्यातल्या एका हलवायाने ती बांधली. तिची किल्ली आणि झाडलोट एकतीस वर्षं नुसरतकडे होती. दर शुक्रवारी नमाजाआधी मिहराबच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, कमानीशेजारचा छोटा संगमरवरी खांब तळहाताने फिरवायचा मानही त्याचाच. खांब फिरला म्हणजे पाया जागचा हललेला नाही, अशी बांधणाऱ्यांनी करून ठेवलेली सोय. तो फिरला की सगळी रांग देवाचे आभार मानत "शुक्र आहे" म्हणायची, आणि तेवढ्यावर नुसरतचा आठवडा सुखात जायचा. दमट वारा सुटला की खांब अडून बसे. मग तो आधी किंचित मागे दाबून उजवीकडे वळवावा लागे. ही खुबी नुसरतने कुणाला सांगितली नव्हती.

पुढे कल्हईवाला फेरिदून दुकान विकून रिकामा झाला आणि रोज मशिदीत येऊन बसू लागला. बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता तो. मिहराबच्या भिंतीवरल्या रंगीत फरश्यांत ट्यूलिपचं एक फूल उलटं बसलंय. "कारागिराची लाडकी दुसऱ्याच्या घरी गेली, म्हणून त्याने फुलाला मान खाली घालायला लावली," असं तो पाहुण्यांना सांगे, आणि बायका डोळे पुसत. खरं तर ती फरशी नुसरतच्याच आजोबांनी भूकंपानंतरच्या डागडुजीत घाईघाईने उलटी चिकटवली होती. नुसरतने एकदा तसं सांगून पाहिलं.

"काका, उगाच रसभंग करू नका हो," एक पाहुणी म्हणाली.

आणि वर इमामसाहेबांनी बॉम्ब टाकला. "नुसरत, या शुक्रवारी खांब फेरिदूनला फिरवू दे. लांबून माणसं येताहेत, तो चार शब्द छान बोलतो."

"फिरवू दे की. माझ्या बापाचं काय जातंय?" नुसरत म्हणाला.

पण आतून त्याचा नुसता जळफळाट झाला. शुक्रवारी सकाळी फरशी पुसता पुसता त्याने घुमटावरच्या शिशाच्या पत्र्याचा एक निखळलेला तुकडा खांबाच्या बुडाशी ठोकून बसवला. चारचौघांत फेरिदूनची फजिती व्हावी, मग आपण गुपचूप तुकडा काढावा, एवढाच त्याचा बेत.

खांब तसूभर हलला नाही. फेरिदूनने खांदा लावून पाहिला. हसलं मात्र कुणीच नाही. वर बायकांच्या लाकडी सज्जात म्हातारी सेहेरआजी "पाया हलला" म्हणत रडू लागली, इमामसाहेबांनी सगळ्यांना अंगणात काढलं, आणि तासाभरात सरकारी माणसं दाराला कुलूप घालून किल्लीही घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी दारावर कागद लागला: पाया धोक्यात, घुमट उतरवणार, मशीद दोन वर्षं बंद.

नुसरतने तो कागद दोनदा वाचला आणि समोरच्या चहाच्या दुकानात गेला. सगळे तिथेच बसले होते.

"खांबाखाली शिसं आहे. मी ठोकलंय."

"कशासाठी रे?" फेरिदूनने विचारलं.

"तू फिरवणार होतास म्हणून."

तुकडा निघाला, कागदही निघाला. किल्ली मात्र मोहल्ल्याने फेरिदूनला दिली.

पुढच्या शुक्रवारी नुसरत शेवटच्या रांगेत, चपलांच्या फळीपाशी बसला. बाहेर दमट वारा सुटला होता. फेरिदूनने खांबाला हात लावला, आणि खांब अडला. नुसरतला हवी होती ती फजिती आता आपल्या पायांनी चालत आली होती. त्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. पण वरून सेहेरआजीचा हुंदका आला.

"आधी मागे दाब," नुसरत म्हणाला. "मग उजवीकडे."

खांब फिरला. "शुक्र आहे," रांग म्हणाली. फेरिदूनच्या हाताखाली तो दगड फिरताना नुसरतला पाहवेना. तरी सगळ्यांबरोबर त्यानेही म्हटलं, "शुक्र आहे."