उभी राहिली की दुखते

"हिला काहीही झालेलं नाही. कामचोर आहे."

भंडाऱ्याच्या डॉक्टरने हे मला नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी टेबलावर लुगडं सावरत होते. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर आमच्याच गावची माणसं. कुणीतरी हसलं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर ओटीपोट दुखायला लागलं होतं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभं राहायचं. दुपार कलली की खाली इतकं जड व्हायचं, वाटायचं आतलं सगळं गळून पडतं. मांडीच्या आत, आणि त्याच्याही वर, जिथलं नाव बाई घेत नाही तिथं, निळ्या शिरा फुगायच्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवी झाले की उतरायचं. तेच माझ्या मुळावर आलं. जिच्या भाताच्या बांधीत मी राबत होते ती मालगुजारीण, गावच्या जमीनदाराची बायको, साऱ्या बायांसमोर म्हणाली, "बिमारी आमच्या घरच्या बायाइले होते. तुमच्या जातीत नुसते नखरे."

डॉक्टरने मला निजवून तपासलं. निजल्यावर शिरा बसतात. त्याला काही दिसलं नाही. केव्हा दुखतं, हे त्यानं विचारलंही नाही. घरी सासूनंही तेच ऐकवलं. त्या दिवसापासून मी दुखतं म्हणणंच सोडलं. कित्येक वर्षं. नवरा जवळ आला की दात आवळून पडायचं, मग सकाळपर्यंत ठणका. हे कोणाला सांगणार?

माझा भाऊ नागपूरला गिरणीत होता. त्याच्या घरी गेले असताना पाणी भरता भरता मी पोट धरून नळापाशीच खाली बसले. त्यानं मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईनं सगळं विचारलं. मग म्हणाली, उभी राहा. उभ्यानंच तपासलं. पुढं शिरेत औषध सोडून फोटो काढले.

मोठ्या डॉक्टरसाहेबांनी ते फोटो उजेडाच्या पेटीवर लावले. शिकाऊ डॉक्टर भोवती जमले. गावाहून बोलावलेल्या माझ्या नवऱ्यालाही पुढं घेतलं. मी दाराशी. साहेब इंग्रजीत बोलत होते. मग नवऱ्याला मराठीत म्हणाले, ऑपरेशन करू, सही करा.

मी पुढं झाले.

"पोट माहं हाय. पहिले मले सांगा."

"तुला काय समजणार?" साहेब म्हणाले.

"दुखते ते मलेच समजते. सांगतल्याबिगर मी टेबलावर चढत नाही."

नवऱ्यानं दंड धरला. मी झटकला.

शेवटी डॉक्टरीणबाईनं सांगितलं. शिरेत झडपा असतात, वर चढलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. माझ्या डाव्या बाजूच्या निकामी झाल्या होत्या. उभं राहिलं की रक्त उतरून गर्भपिशवीभोवती साचायचं, निजलं की ओसरायचं. फोटोत शिरांची करंगळीएवढी जाड वेटोळी होती. मी नीट पाहिलं. रडू आलं नाही. संताप आला. एवढंच होतं, आणि त्यासाठी मला कामचोर ठरवलं.

मग मी हो म्हटलं. ऑपरेशन करून ती शीर बांधली. दुखणं अर्धं गेलं, अर्धं अजून आहे. मालगुजारिणीनं रोवण्याला ये म्हणून निरोप धाडला. मी येत नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही.

आता आमच्या वस्तीतली कोणतीही बाई दवाखान्यात निघाली की मी सोबत जाते. डॉक्टर तिच्या नवऱ्याकडे वळला की मी मध्ये उभी राहते. म्हणते, बाईसंग बोला. डॉक्टर चिडतात. एकानं मला बाहेर काढलं. मी परत आत गेले. पुढंही जाईन.