पाच चेहरे, एक बारकोड

"पिकर एरर. तू फक्त खाली सही कर," असं म्हणत डेस्मंडने कागद माझ्यापुढे सरकवला.

डेस्मंड आमच्या सिंगापुरातल्या, टॅम्पिनीसच्या गोदामाचा मॅनेजर. गोदामाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. कागदावर लिहिलं होतं की सिस्टीम बरोबर चालली, चूक मेई आंटीची. आंटी एकसष्ट वर्षांची, आमची पिकर, म्हणजे रॅकवरून माल काढून ऑर्डरप्रमाणे भरणारी. तिला दोन वॉर्निंग लेटर्स आधीच मिळाली होती. तिसरं मिळालं की नोकरी गेली.

प्रकरण काय, तर कोरियन पोरींच्या एका ग्रुपचा मिनी अल्बम. मिनी म्हणजे पाच गाणी. सीडी वाजवायचं यंत्र कुणाच्याच घरी नाही, ते सोडा. कव्हरं पाच, प्रत्येकावर एका पोरीचा चेहरा. एक अल्बम घेतला तर नशिबात असेल तो चेहरा, पाचांचा सेट घेतला तर पाचही मिळणार. लोकांना सेटमध्ये एकच चेहरा पाच वेळा मिळाला. माझी मुलगीही त्यातलीच. तिने माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

आता पिकर स्वतः काहीच निवडत नाही. हातातला स्कॅनर सांगेल त्या खोक्यातून सांगेल तेवढे नग काढायचे. एका खोक्यात सगळे एकाच चेहऱ्याचे अल्बम. प्रत्येक कव्हराला वेगळा बारकोड लावू या, असं मी डेस्मंडला आधीच ईमेलने कळवलं होतं. उत्तर आलं, "डोन्ट ओव्हरथिंक." लेबलं चिकटवण्यात वेळ जातो म्हणे. त्यामुळे सिस्टीमच्या लेखी पाचही पोरी एकच.

मी सही न करता खाली आंटीकडे गेलो.

"आय टोल्ड हिम, वन बॉक्स ऑल सेम फेस," ती म्हणाली. "ही सेड फॉलो स्कॅनर, लाह."

पहिल्याच दिवशी तिच्या हे लक्षात आलं होतं. तिने टेबलावर पाच ट्रे मांडले आणि सेटसाठी प्रत्येक ट्रेमधून एकेक अल्बम उचलू लागली. त्यात तिचा वेग घटला. माझ्या रिपोर्टमध्ये तिचं नाव लाल झालं, आणि तो रिपोर्ट मी काही न विचारता वर पाठवला. डेस्मंडने ट्रे उचलून नेले आणि तिला दुसरं लेटर दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी पुरवलेला. त्याची मला अजून लाज वाटते.

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू व्हायचा होता. त्याची आठवण डेस्मंडने अगदी प्रेमाने करून दिली.

"लेटर द्यायचंच असेल तर तुला आणि मला दे," मी म्हणालो. जुनी ईमेल आणि स्कॅनरच्या नोंदी मी त्याला पाठवल्या, अल्बम विकणाऱ्या क्लायंटला कॉपी ठेवून.

तिसरं लेटर निघालं नाही. पुढच्या आठवड्यात डेस्मंडने क्लायंटपुढे 'स्मार्ट सॉर्टिंग मॉडेल' नावाच्या स्लाइड्स दाखवल्या. फोटोत पाच ट्रे होते, आंटी नव्हती. क्लायंटने टाळ्या वाजवल्या. शेंबड्या पोरालाही सुचेल अशा गोष्टीला या लोकांना स्लाइड्स लागतात. माझा पासही रिन्यू झाला, कारण ते सॉफ्टवेअर डेस्मंडला कळत नाही.

आंटीला बक्षीस म्हणून एक अल्बम मिळाला. तिने सीडी दोऱ्याला बांधून सेम्बावांगच्या आपल्या फ्लॅटच्या खिडकीत टांगली. कबुतरं येत नाहीत म्हणाली. एवढ्या सगळ्या हुशार माणसांत त्या सीडीचा उपयोग सापडलेली ती एकटीच.

मी मात्र आता रिपोर्टमध्ये लाल नाव दिसलं की आधी खाली जाऊन टेबल बघून येतो.