वाजलं न्हाई पायजे

गाडीत काही वाजलेलं आण्णांना सहन होत नसे. रस्त्याने जाणारा कुणाचाही ट्रॅक्टर खडखडला की ते ओट्यावरून हात करून त्याला थांबवायचे, खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढायचे आणि सैल कडी गुंडाळूनच पुढे सोडायचे. दूधवाल्याच्या मोटरसायकलवरच्या किटल्याही त्यांनी अशाच गप्प केल्या होत्या. लग्नात जेवणाचं टेबल डुगडुगलं तर आण्णा आधी टेबलाखाली वाकत आणि मग जेवायला बसत.

मी बेलापुरात गुरांची डॉक्टर म्हणून आले, तेव्हा त्यांच्याच ओट्यालगतची खोली दवाखान्यासाठी भाड्याने घेतली. वस्त्यांवर जायला एक जुनी जीप होती. पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं की काळ्या मातीचे शिवाररस्ते असे मऊ होतात की चाक आत जातं ते जातंच. म्हणून जीपमध्ये मागे फावडं, जॅक, ओढायचा पट्टा आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या टाकलेल्या असत. पहिल्याच दिवशी आण्णा जीपसमोर येऊन उभे राहिले.

"डाक्टरीनबाई, भांड्यांचं दुकान टाकलंय का गाडीत?"

"चिखलात लागतं ते सगळं, आण्णा."

"लागतं ना? मग हाताशी पायजे. अन् वाजलं न्हाई पायजे."

शेती मुलांनी हातात घेतल्यापासून आण्णांचा मुक्काम घरामागच्या शेडमध्ये असे. तिथे ड्रिल होतं, वेल्डिंगचं मशीन होतं आणि जन्मात कधीतरी उपयोगी पडेल असं बरंच लोखंड होतं. त्यातलं काही पसंत पडेना, तेव्हा त्यांनी बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, माहेरची लोखंडी खाट कापली. "आता मलाबी बशिवतील गाडीवर," काकू दारातून म्हणाल्या. आण्णांनी खाटेच्या पट्ट्या तापवून वाकवल्या, आतून ट्यूबचं रबर लावलं आणि जीपच्या डाव्या अंगाला, बाहेरून, फावड्यासाठी दोन ब्रॅकेट बसवले. जॅकला सीटमागे जागा झाली, फळ्यांना मागच्या दारावर. वेल्डिंग हाताशी असून त्यांनी सगळीकडे बोल्ट मारले. मी कारण विचारलं.

"वेल्डिंग केलं की ते गाडीचं झालं. बोल्ट मारला की तुमचं ऱ्हातं. गाड्या काय, बदलत्यात."

या कामाचा त्यांना एवढा अभिमान, की कुणी बैल घेऊन आला तरी आधी त्याला ब्रॅकेट पाहावे लागत. फावडं काढून दाखवायचे, बसवून दाखवायचे, जीप गदागदा हलवून म्हणायचे, "ऐका! काय ऐकू येतंय? कायबी न्हाई!" बैल बिचारा ताटकळायचा.

मग एका दुपारी एका वस्तीवर गाय अडल्याचा फोन आला. आदल्या दिवशीच पाणी सुटलं होतं. वाटेत जीप घसरली आणि डाव्या अंगाने बांधाला टेकली. फावडं बांध आणि जीप यांच्यामध्ये चेपून बसलं. फावड्याशिवाय चाकापुढची माती काढता येईना आणि फळ्या आत सरकेनात. शेवटी बॅग खांद्याला लावून मी चिखल तुडवत चालत गेले. गाय वाचली, वासरू मेलेलं निघालं.

संध्याकाळपर्यंत गावात बोलणं सुरू झालं. "येळंवर पोचता येत न्हाई, हे बाईमानसाचं काम न्हाई." गावाला मी नवीन होते. असं दोन-चार घरांनी धरलं असतं तर मला बोलावणं आलं नसतं आणि बॅग भरून परत जावं लागलं असतं. सगळं ऐकून आण्णा आत निघून गेले. मला वाटलं, त्यांनाही पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन केंद्रावर, किटल्यांच्या रांगेसमोर उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "वासरू बाईंमुळं न्हाई, माझ्यामुळं गेलं. फावडं मी डाव्या अंगाला बशिवलं अन् गाडी तिकडंच कलली. बोलायचं ते मला बोला."

ज्या ब्रॅकेटची फुशारकी त्यांनी गावभर मारली होती, त्याचीच चूक त्यांनी गावासमोर कबूल केली. त्याच दिवशी जीपच्या उजव्या अंगाला दुसरे ब्रॅकेट आणि दुसरं फावडं आलं. "कुठल्या कुशीवर टेकायचं ते गाडीला तरी कुठं म्हाईत असतंय?" एवढंच म्हणाले. त्याच गाईच्या पुढच्या वेताला जीप पुन्हा त्याच बांधाला टेकली. मी उजवं फावडं काढलं, वेळेत पोचले आणि कालवड झाली. बेलापुरात माझा दवाखाना आज चालतो आहे तो आण्णांमुळे, हे मी कुणालाही सांगते.

उतारवयात त्यांचे कान गेले. ट्रॅक्टर खडखडत समोरून जात आणि आण्णा ओट्यावर नुसते बघत बसत. जुनी जीप मी विकली, तेव्हा बोल्ट खोलून सगळे ब्रॅकेट नव्या गाडीला लावून घेतले आणि आण्णांना शेजारी बसवून वस्तीच्या रस्त्याने निघाले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी फावड्याच्या दांड्यावर तळवा ठेवला होता. बराच वेळ गेल्यावर माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, वाजतंय का?"

मी कान देऊन ऐकलं. गाडी अगदी गप्प होती.

"वाजतंय, आण्णा!" मी मोठ्याने म्हणाले, मानही हलवली आणि गाडी थांबवली.

त्यांचा चेहरा उजळला. "तरीच!" म्हणत ते खाली उतरले, खिशातून ट्यूबची पट्टी काढली आणि दांड्याला दोन वेढे दिले.

आण्णा आता नाहीत. ती पट्टी मी अजून सोडलेली नाही.