सहीसाठी वसुधाकाकू

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या वसुधाकाकू मूळच्या नागपूरच्या. अपंगांना पुन्हा उभं करणाऱ्या डॉक्टर, आता रिटायर झालेल्या. जवळच्या सेंट पॉल शहरातल्या क्लिनिकमध्ये त्यांच्याकडे बर्मातून आलेले करेन जमातीचे निर्वासित यायचे. नॉ पॉ त्यांतलीच. लहानपणी जंगलात बांबूचे कोंब काढायला गेली आणि सुरुंगावर पाय पडला. काकूंनी तिला कृत्रिम पायावर चालायला शिकवलं, मग बर्फातही चालवलं.

पण तेवढ्यानं काकूंचं समाधान होईना. भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केला, अमेरिकेनं सहीच केलेली नाही. म्हणून हिवाळा सरत आला की काकू खासदारांच्या ऑफिसात जाऊन विचारायच्या, "सही कधी?" त्यांचे यजमान प्रतापकाका ड्राइव्ह करायचे आणि बाहेर गाडीत बसून राहायचे.

"भारतानं तरी कुठे केलीय?" ते कुरकुरायचे.

"गेल्या खेपेला दिल्लीतही विचारून आले ना!" काकू म्हणायच्या.

नॉ पॉलाही त्या दरवेळी बोलवायच्या. "नको डॉक्टर, तिथे मला रडू येईल," ती म्हणायची.

यंदा काकू ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण बाई वॉकरला हात लावायला तयार नाहीत. पडायची भीतीच बसली होती. नॉ पॉ सूप घेऊन आली, वॉकर पुढे सरकवला आणि म्हणाली, "मला काय सांगायचात? 'पायाकडे नाही, समोर बघ.' चला, उठा."

काकू हसल्या आणि उठल्या.

काका खासदारांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट कॅन्सल करायला निघाले, तेव्हा नॉ पॉनंच त्यांना थांबवलं. "मी जाते."

तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून काका पहिल्यांदाच आत गेले. ते परत आल्यावर काकूंनी दारातच विचारलं, "काय बोलली?"

"म्हणाली, माझी भाचरं अजून त्याच जंगलात बांबू काढतात. तुमच्यासारखा मोठा देश सही करेल, तर इतरांना नाही म्हणणं जड जाईल."

"रडली का हो ती?"

"ती नाही. मीच रडलो," काका म्हणाले.

ऑफिसातल्या मुलीनं निरोप पोचवायचं कबूल केलं. सही अजून झालेली नाही. काकू आता काठी घेऊन चालतात, आणि पुढच्या वेळी आधी कोण बोलणार यावरून दोघींचं वाजतं.