तोच हिरवा ड्रेस

पडद्यावर मी होते. एकदा नाही, तीनदा. तीन फोटो शेजारी शेजारी लावलेले आणि तिन्हीत माझा तोच हिरवा ड्रेस.

जव्हारच्या ऑफिसात मीटिंग होती. आमची संस्था लहान मुलांच्या पोषणाचं काम करते. पाड्यापाड्यावर जाऊन पोरांची वजनं घेणाऱ्या आम्ही मुली खाली सतरंजीवर, बाकीचे खुर्च्यांवर. नवीन सरांच्या हातात तो लाल ठिपका मारायचा पेन. ठिपका माझ्या ड्रेसवर फिरला. ओढणीवर, गळ्यावर. सगळे बघत होते.

"तीन दिवस, तीन फोटो, ड्रेस एकच. मॅडमकडे दुसरा ड्रेस नाही वाटतं?"

खुर्च्या हसल्या. सतरंजीवरच्याही दोघी हसल्या, ते जास्त लागलं.

"सर, ओहोळाला पाणी आलं म्हणून मी तिकडेच..."

"स्टोरी नको. एका दिवसात तीन फोटो काढायचे आणि टाकायचे. तुम्हा लोकांचं मला सगळं माहितेय."

तुम्हा लोकांचं. म्हणजे कोणाचं? मी साखरशेतची, आदिवासी पाड्यावरची. विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

खरं काय झालेलं सांगते. दाभोस्याच्या पुढच्या दोन पाड्यांवर गेले आणि मागे ओहोळ भरला. तीन दिवस अडकले. जनीवहिनीने, तिचा बारका आमच्या कमी वजनाच्या यादीत आहे, मला घरात ठेवलं, नेसायला तिचं लुगडं दिलं. भेटीचा रोज एक फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकावा लागतो ना, मग मी चुलीवर अर्धवट सुकलेला ड्रेस परत घालायची. का? लुगड्यातला फोटो टाकला तर ऑफिसात हसतील म्हणून! बघा आता. तीन दिवसांत दोन्ही पाड्यांची सगळी पोरं मोजली. एक सोडलं नाही. रेंज मिळाली तेव्हा तिन्ही फोटो एकदम गेले.

सरांनी कागद पुढे केला. "खोट्या भेटी दाखवल्या, पुन्हा होणार नाही. लिही आणि सही कर."

मी लिहिलं. हो, लिहिलं. नोकरी पाहिजे होती.

सरांच्या जागी आधी ताई होत्या, त्या असत्या तर? सुरुवातीला एकदा मी एका पोराचं वजन चुकीचं लिहिलं होतं. घाबरत घाबरत ताईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. उद्या दोघी जाऊ, परत मोजू." आणि आल्या! चप्पल हातात घेऊन चिखलातून. जनीवहिनीकडे नागलीची भाकर खाल्ली. त्यानंतर मी एक चूक लपवली नाही. कोणी बघत नसताना जास्त काम करायचे, का ते मलाच कळायचं नाही. आता कळतंय.

त्या गेल्या, हे आले. भिंतीवर पाटी लागली, आपण एक कुटुंब.

मीटिंगनंतर आठवड्याने मंगल, माझ्याबरोबर लागलेली मोखाड्याची, म्हणाली, "येडी का गं तू? कशाला पुरात मरायला जातेस? तीन ओढण्या ने पिशवीत. एका दिवशी तीन फोटो काढ, रोज एक टाक. आम्ही सगळ्या तेच करतो."

"कधीपासून?"

"तुझ्या फोटोंपासून."

मग मीपण केलं. एकाच जागी उभी राहून तीन ओढण्या बदलल्या. पुढचे दोन दिवस घरच्या आवणीला गेले, चिखलात रोपं लावताना मधेच ग्रुपवर फोटो टाकला. सरांचा अंगठा आला.

पुढच्या मीटिंगला परत पडद्यावर मी. लाल, पिवळी, निळी. "याला शिस्त म्हणतात. टाळ्या!" टाळ्या वाजल्या. मंगलने चिमटा काढला. मी हसले. आतून काहीतरी घाण वाटलं, पण हसले.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेले. जनीवहिनी उठली नाही, पाणी विचारलं नाही.

"तू तं दोन दिस येणार होतीस ना बाय? मी बारक्याला न्हाऊ घालून ओट्यावर बसवला. दोनी दिस."

वजनाच्या दिवशी आमच्याकडे आया पोरांना न्हाऊ घालतात. जसं देवाला न्यायचंय. बारक्याला जुलाब लागलेले. झोळीत टाकला, काटा बघितला. पाऊण किलो कमी. मी ठरल्या दिवशी आले असते तर तेव्हाच दवाखान्यात नेला असता. त्या दिवशी नेला. वाचला. पण जीपमध्ये वहिनी त्याला घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली.

काल परत मीटिंग होती. मी उभी राहिले. तिन्ही ओढण्या पिशवीतून काढून सरांच्या टेबलावर ठेवल्या.

"सर, तुम्ही टाळ्या वाजवलेले फोटो एका दिवसाचे आहेत. इथं लिहून आणलंय. सही केलीय."

"म्हणजे तू संस्थेला फसवलंस?"

"हो. आणि पाड्याला पण. याची काय शिक्षा द्यायची ती द्या. पण हिरव्या ड्रेसचा कागद खोटा आहे. तुम्ही माझ्याकडून खोटं लिहून घेतलंत. तो परत द्या."

"नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय."

मंगल नखं बघत होती. सरांनी कागद दिला नाही. माझं काय करायचं ते कळवतो म्हणाले.

कळवा. तोपर्यंत कामावर आहे मी. उद्या वजनाचा दिवस. हिरवा ड्रेस धुवून वाळत घातलाय दोरीवर, तोच घालून जाणार. फोटो काढणार नाही. एकही नाही. वजनं वहीत असतील, खाली प्रत्येक आईचा अंगठा असेल. कोणाला खरं बघायचं असेल तर त्याने ओहोळ उतरून यावं.