एकीकडचं बोलणं

माझ्या वडिलांचे कान गेले ते यंत्रमागांमुळे. आधी गिरणी, गिरणी बंद पडल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या शेडमधले माग, असं त्यांचं कामाचं सगळं आयुष्य खडखडाटात गेलं. आम्ही विणकर घरातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडिलांना आम्ही नायना म्हणतो. मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून हे मराठीत लिहितोय, पण घरातली बोलणी तेलुगूत झाली होती.

गेल्या वर्षी त्यांच्यासाठी कानातली नवी मशीनं घेतली. दिसायला शेंगदाण्याएवढी, पण मोबाइलला जोडता येणारी. आवाज कमीजास्त करायचा तर फोनवरून करायचा. नायनांचा फोन बटणांचा आणि मी दिवसभर शाळेत, म्हणून क्लिनिकमधल्या टेक्निशियननं ती मशीनं माझ्या बायकोच्या फोनला जोडून दिली. नायना सुरुवातीला फार खूश होते. शेजारच्या घरात भांडी घासतात ते कळतं, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

पुढं बायकोला तिच्या भावानं नवा फोन दिला. त्याच सुमारास वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीचा फोन पाण्याच्या बादलीत पडून बंद झाला. ती अक्कलकोटजवळच्या एका गावची, शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला. नवऱ्याला सोडून आली आहे, एवढं तिनं खोली घेतानाच बायकोला सांगितलं होतं. बायकोनं आपला जुना फोन तिला देऊन टाकला. देण्याआधी एकेक फोटो पुसला, आपली खाती काढली. फोन अगदी कोरा केला असं आम्हाला वाटलं.

काही दिवसांनी नायना बदलले.

पहिल्यांदा मला जाणवलं ते कपाटाचं कुलूप. त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला कधी कुलूप नव्हतं. एके दिवशी ते दिसलं आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे." मग बायकोनं दिलेला चहा ते आधी बशीत ओतून थोडा वेळ बघत बसायला लागले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. आता तो फोनसमोर चेहरा धरून देता येतो. मी फोन त्यांच्यासमोर धरला, तर त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

"चेहरा कशाला घेतोस?"

"नायना, पेन्शनचं आहे. डोळे मिचकावा फक्त."

"डोळे मिचकावले की काय काय होतं ते मला माहीत आहे. सही चालत नाही आता, चेहराच चालतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

खरं काय ते त्यांनी मला एका रविवारी सकाळी सांगितलं, बायको भाजीला गेली होती तेव्हा. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं.

"मला एका बाईचं बोलणं ऐकू येतं," ते म्हणाले. "कानात. अगदी आत."

"कुठली बाई?"

"ओळखीची नाही. मराठी बोलते, मधे मधे कानडी. संध्याकाळी बोलते. म्हणते, म्हाताऱ्याला एवढ्यात काही सांगू नको. म्हणते, कागदावर सही झाली की मग बघू. म्हातारा रडेल, चिडेल, मग गप्प बसेल, म्हणते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचा आवाज शांत होता, एखाद्या मागातला बिघाड समजावून सांगावा तसा.

"ती सलग बोलत नाही," ते म्हणाले. "मधे थांबते. म्हणजे समोरून कुणी उत्तर देतंय. उत्तर देणारा आवाज मला येत नाही. पण ही मशीनं कुणाच्या फोनवर आहेत? तुझ्या बायकोच्या. माझ्या पाठीमागं घर विकताय का तुम्ही?"

"नायना, काहीतरीच काय बोलता."

"मग म्हातारा कोण? या घरात दुसरा म्हातारा आहे का?"

मी त्यांना समजावलं, पण मनात मला भीती वाटली ती त्यांच्या डोक्याची. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की खूप वर्षं ऐकू न येणाऱ्यांना कधीकधी आवाजांचे भास होतात, पण बोलणं इतकं स्पष्ट ऐकू येत असेल तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी वेळ घेऊन टाकली.

आणि तरी, खोटं कशाला सांगू, दुसरीही एक शंका मनात शिरली. एका लग्नात माझ्या मेहुण्यानं विषय काढला होता, की ही जागा विकून होटगी रोडला फ्लॅट घ्या, म्हाताऱ्यांना मोकळी हवा मिळेल. तेव्हा मी ते कानाआड केलं होतं. आता बायको भावाशी फोनवर बोलायला लागली की मी कान टवकारायचो. ती काही विशेष बोलत नव्हती. भाचीची परीक्षा, आईची शुगर. पण "बरं, बघू" असं ती म्हणाली की मला वाटायचं, काय बघू?

बायकोला मी नायनांचं बोलणं सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं ते नायनांनीच ताट बाजूला सारून विचारलं तेव्हा. "सही कधी घेणार आहेस माझी?" ती माझ्याकडे बघायला लागली. मग मला सगळं सांगावं लागलं. ती रडली नाही. तिनं त्यांचं ताट उचललं, झाकून ठेवलं आणि त्या दिवशी कुणाशीच बोलली नाही.

वरच्या मुलीचंही काहीतरी बिनसलं होतं. ती एकदा संध्याकाळी खाली आली. फोनच्या कॅमेऱ्यावर तिनं जखमेला लावायची पट्टी चिकटवली होती.

"सर, एक विचारू का? फोनमदी कुणी बसून ऐकत असंल तर आपल्याला कळतं का?"

"का? काय झालं?"

"हितं घरी आलं की आवाजच गायब होतोय. अक्काशी बोलत असते, तिला माझं सगळं ऐकू जातंय, मला तिचं कायबी न्हाय. ऑफिसात नीट चालतोय. रस्त्यावर नीट चालतोय. जिन्यापाशी आले की गेला." तिनं आवाज खाली आणला. "आमच्या मालकांना मोबाइलचं लई कळतंय. बातम्यांत दावत्यात की, लांबनं फोनमदी शिरत्यात म्हणून."

मालक म्हणजे तिचा नवरा. मी म्हणालो, "जुना फोन आहे, स्पीकर गेला असेल. दुकानात दाखव."

"दावला. ते म्हणत्यात, फोनला कायबी झालेलं न्हाय." ती पुढं म्हणाली, "आता झोपताना पिठाच्या डब्यात ठेवते मी त्याला. डब्यातनं ऐकू जात नसंल न्हवं?"

मी तिला काहीतरी धीराचं बोललो. एकाच जिन्याखाली आणि जिन्यावर दोन माणसं, दोघांनाही कुणीतरी आपल्या पाळतीवर आहे असं वाटतंय, आणि मला त्या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघायचं सुचलं नाही. ती तरुण, नवऱ्याला भ्यालेली. ते म्हातारे, कानानं अधू. दोघांच्या भीतीची कारणं मी वेगवेगळी ठरवून टाकली होती.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी मी शाळेतून लवकर आलो. नायना यायला तयार होतील असं वाटलं नव्हतं, पण ते धुतलेला शर्ट घालून बसले होते. म्हणाले, "चल. मी वेडा आहे का नाही, ते एकदा कळू दे." ते ओट्यावर बसून चपला घालत होते. बायको दारात उभी होती. तेवढ्यात वरची मुलगी गल्लीतून आली, फोन कानाला लावलेला. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि ती थांबली.

"हॅलो. अक्का? हॅलो." तिनं फोन कानापासून दूर धरून बघितला. "गेला परत."

नायनांचा हात चपलेवरच राहिला. त्यांनी मान वर केली.

"बघ, बोलतेय," ते मला म्हणाले.

"कोण?"

"तीच. म्हणते, ऐकू येतंय का गं. ऐकू येतंय का."

मी मुलीकडे बघितलं. तिनं फोन अजून हातात धरला होता, पडद्यावर बोलणं चालू असल्याची खूण होती.

"नायना, आता काय म्हणते?"

"म्हणते, वकील काय म्हणाला आज." हे त्यांनी मराठीतच सांगितलं, जसंच्या तसं.

मुलीचा चेहरा उतरला. ती जागची हलली नाही. मग तिनं फोन तोंडाजवळ नेला आणि हळू म्हणाली, "अक्का, काल रातच्याला काय रांधलं होतंस ते सांग."

आम्ही सगळे नायनांकडे बघत होतो. त्यांनी डोळे मिटले.

"पुंडीची भाजी," ते म्हणाले. "भाकरी. आणि म्हणते, हे काय विचारायला लागलीस मधेच."

मुलीनं फोन बंद केला. मला तर आधी सुटल्यासारखंच वाटलं, की नायनांचं डोकं ठिकाणावर आहे. पण ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली होती.

"कवापास्नं ऐकताय, अज्जा?"

"बरेच दिवस झाले."

"सगळं?"

"एकीकडचंच," नायना म्हणाले.

आम्ही मनाच्या डॉक्टरांऐवजी कानाच्या क्लिनिकला गेलो, फोनसुद्धा बरोबर घेऊन. टेक्निशियननं दोन मिनिटं फोन चाळला. मशीनं अजून त्याच फोनला जोडलेली होती. फोनवरचं बोलणं कानात जाऊ नये म्हणून त्यानं एक बटण सुरुवातीलाच बंद करून दिलं होतं. मधे फोनमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ते आपोआप परत चालू झालं असणार, असं तो म्हणाला. "होतं असं," म्हणाला. नायनांची खोली बरोबर तिच्या खोलीखाली. ती घरात आली की आवाज तिच्या कानाऐवजी यांच्या कानात.

म्हातारा म्हणजे तिचा बाप. लेक नोकरीसाठी सोलापुरात राहते, जावई कामामुळे येऊ शकत नाही, असं त्याला सांगून ठेवलेलं. घटस्फोटाच्या कागदावर सह्या झाल्या की मग सांगू, असं दोघी बहिणींचं ठरलं होतं.

तो फोन तिनं परत घेतला नाही. आता सगळं पुसलंय, असं मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यावर भरोसा हाय की सर. त्याच्यावर न्हाय." तिनं हप्त्यावर दुसरा घेतला, आणि तरी बोलायचं असलं की चौकात जाऊन बोलायची. ती जिन्यावरून जाताना नायना दोन्ही मशीनं काढून तळहातावर ठेवायचे, तिला दिसतील अशी. ती मान खाली घालून जायची.

एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. ती कपडे वाळत घालत होती. नायना तिला म्हणाले, "बापाला सांगून टाक पोरी. घरात आपल्यापासून काहीतरी लपवतायत हे कळलं की फार वाईट वाटतं. मला कळलंय ते."

तिनं हातातला टॉवेल तसाच बादलीत टाकला. "अज्जा, तुमच्या कानावर पडलं म्हणून तुमाला बोलायचा हक्क न्हाय मिळत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण नायना जागच्या जागी बारीक झाले.

परीक्षांच्या सुमाराला तिनं खोली सोडली. ऑफिस लांब पडतं, असं कारण दिलं. सामान न्यायला तिचा बाप आला होता, उंच, पटका बांधलेला. त्याला सांगितलं होतं का नाही, मला कळायला मार्ग नव्हता. टेम्पो भरेपर्यंत तो नायनांच्या शेजारी ओट्यावर बसला. दोघं शाळू यंदा कसा आला यावर बोलले, मग पाण्यावर. तो म्हणाला, "पोरगी हितं नीट राहिली न्हवं?" नायना म्हणाले, "चांगली राहिली." एवढंच. मुलगी गॅसची शेगडी घेऊन खाली येताना ते ऐकत उभी होती. जाताना तिनं बायकोला मिठी मारली आणि नायनांना वाकून नमस्कार केला. पंधरा-वीस दिवसांनी तिचा बायकोला फोन आला. बापाला सगळं सांगितलं होतं, टेम्पोतच, घरी पोचायच्या आत. तो रडला नाही, चिडलाही नाही. वकिलाचा नंबर तेवढा मागून घेतला.

आमच्या घरातलं मात्र तेवढं सोपं झालं नाही. नायनांनी कपाटाचं कुलूप काढलं, दाखल्यासाठी चेहराही दिला. चहा सरळ कपातून प्यायला लागले. मला वाटलं, संपलं. पण एका दुपारी बायकोनं त्यांना विचारलंच.

"मामा, आवाज माझा नव्हता. तरी तुम्हाला मीच कशी आठवले?"

"मशीन तुझ्या फोनवर होतं," नायना म्हणाले.

"माझा फोन तर मी तिला देऊन टाकला होता. तुमच्यासमोर दिला होता."

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, मग आत गेली. त्या प्रश्नाचा अर्धा वाटा माझाही होता, हे तिला माहीत आहे की नाही, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.

आता तिला फोन आला की ती उठून नायनांच्या खोलीत जाते, त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसते आणि फोन स्पीकरवर टाकते. भाऊ असो, बहीण असो, गॅसवाला असो. नायना म्हणतात, "जा गं, बाहेर बोल. मला नाही ऐकायचं." ती हलत नाही. दोन्हीकडचं बोलणं संपेपर्यंत बसून राहते, आणि मग त्यांना विचारते, "ऐकलं ना सगळं?"